एका विहिरीत दोन मोटरी

"ताई, अर्जंट आहे. एक मोठं घेऊ की दोन लहान?"

रात्री पावणेबाराला असा मेसेज आला की डोकं कुठे कुठे धावतं, सांगू? मला आधी फ्लॅट आठवले. मग फ्रिज. मग एकदम वाटलं, पोराने परस्पर लग्न ठरवलं की काय, आणि आता मंगळसूत्राबद्दल विचारतोय! उठून बसले. तेवढ्यात दुसरा मेसेज. "ग्राफिक्स कार्ड गं. एक ४०७० सुपर की दोन ३०६०?"

हुश्श.

मेसेज पाठवणारा माझा मामेभाऊ. मुक्काम पोस्ट सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. भुसावळच्या पुढे गेलात की उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे नजर पोचेल तिथवर केळी. शेजारी फैजपूर. तेच ते, १९३६ सालचं काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, शाळेत एका मार्कासाठी पाठ केलेलं. हा भाऊ तीन वर्षं हिंजवडीत कीबोर्ड बडवून २०२१ मध्ये गावी परतला आणि लग्नांचं शूटिंग-एडिटिंग करू लागला. ड्रोन, स्लो मोशन, नवरदेवाची एन्ट्री, सगळं. आणि मी? मी कधीकाळी तीन मोबाइलचे रिव्ह्यू लिहिले होते. तेव्हापासून आमच्या खानदानात वायफाय गेलं तरी फोन मलाच येतो.

ही डिसेंबर २०२४ची गोष्ट. ऐन लग्नसराई, त्याचं जुनं मशीन हँग होत होतं आणि मामांनी केळीच्या पैशातून एकदाच, लक्षात घ्या एकदाच, मशीनसाठी रक्कम काढायचं कबूल केलं होतं. चुकलो तर पुढची बाग निघेपर्यंत गप्प बसायचं. त्यामुळे मी प्रश्न सीरियसली घेतला. कॉफी केली, कागद घेतला आणि हिशेब मांडला.

ज्यांचा आणि ग्राफिक्स कार्डचा संबंध फक्त 'गेम खेळायला लागतं ते' एवढाच आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे हुशार पण मोजकी माणसं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे साध्या बेरजा-गुणाकार करणाऱ्या हजारो पोरांची फौज. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कुणीतरी मोजायचा असतो, तो ही फौज मोजते. गेम, व्हिडिओचे इफेक्ट, थ्रीडी चित्रं आणि अलीकडे एआय, सगळं हिच्याच जिवावर.

आता गंमत बघा. ३०६० हे २०२१चं कार्ड. त्यात असे ३,५८४ कोअर. दोन घेतले तर ७,१६८. आणि २०२४च्या जानेवारीत आलेल्या ४०७० सुपरमध्ये किती? ७,१६८! अगदी तंतोतंत. दुकानदाराने दिलेला भावही दोन्हीकडे साधारण सारखा, दोन ३०६० मिळून किंचित कमीच. मेमरी म्हणाल तर एका ३०६० वर १२ जीबी, म्हणजे दोनांवर २४. मोठ्या कार्डावर नुसती १२. भावाचं म्हणणं सरळ होतं, तेवढ्याच कोअर, दुप्पट मेमरी, पैसे कमी. "दोन घेतले नाहीत तर आपण वेडे."

तुम्हालाही पटलं ना? मलाही पटलं असतं. पण मी हॉस्टेलमध्ये राहिलेली आहे बॉस.

माझ्या मास कॉमच्या बॅचमधल्या एका पोराच्या रूमवर आम्ही सगळे प्रोजेक्ट एडिट करायला पडलेलो असायचो. त्याने कुठूनतरी सेकंडहँड अशी दोन सारखी कार्डं आणली होती आणि एकाच कॅबिनेटमध्ये एकावर एक बसवली होती. मधे एक छोटासा पूल, एका कार्डातून दुसऱ्यात जाणारा. कॅबिनेटला काचेचं दार, आत निळे दिवे. दिसायला एक नंबर! प्रत्यक्षात काय, तर दोन गेम सुसाट चालायचे, चार गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं ऊब द्यायचं आणि एका गेममध्ये चित्र असं लचकत चालायचं की बघणाऱ्याला गाडी लागावी. शेवटी तो दुसरं कार्ड बंद करून खेळायचा. विकायचं मात्र नाव नाही, कारण काचेतून दोन दिसायची ना!

ही दोन कार्डांची हौस जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने व्हूडू-२ कार्ड काढलं आणि तशी दोन जोडायची सोय दिली. पडद्याच्या आडव्या रेघांपैकी एक याने काढायची, पुढची त्याने. ती कंपनी बुडाली, २०००च्या अखेरीस तिचं घबाड एनव्हिडियाने विकत घेतलं आणि २००४ मध्ये तेच नाव, एसएलआय, नव्या रूपात परत आणलं. २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर काढलं. आणि खोटं कशाला बोला, काही काळ हा सौदा खरंच भारी होता. २०१० मध्ये जीटीएक्स ४८० हे एनव्हिडियाचं सगळ्यात तगडं कार्ड ४९९ डॉलरला आलं, २५० वॅट खाणारं, इस्त्रीसारखं तापणारं. चारच महिन्यांनी त्याचं धाकटं भावंड ४६० आलं, १९९ डॉलरपासून पुढे. दोन धाकटी जोडली की बऱ्याच गेममध्ये थोरल्याला मागे टाकत आणि वर पैसे उरत. त्या काळातल्या पोरांच्या डोक्यात 'दोन लहान म्हणजे स्मार्ट' हे जे बसलं, ते असं बसलं.

मग बिनसलं कुठे?

दोन कार्डांत गेमचं काम वाटण्याची रूढ पद्धत अशी: पहिलं चित्र एकाने काढायचं, दुसरं दुसऱ्याने, तिसरं पुन्हा पहिल्याने. सिनेमासारखीच तर ही चित्रं, एकामागोमाग एक. पण दोघांची चाल तंतोतंत जुळली नाही की एक चित्र लवकर येतं, पुढचं उशिरा. मोजमापाच्या आकड्यात वेग दुप्पट दिसतो आणि डोळ्याला मात्र ठेच लागते. हॉस्टेलमधलं ते लचकणं हेच. त्यात पुढे गेमवाल्यांनी नवी युक्ती काढली. आधीच्या चित्रातली माहिती वापरून पुढचं चित्र गुळगुळीत करायचं. एका कार्डासाठी झकास. पण दोन असतील तर दुसऱ्याने पहिल्याचं संपेपर्यंत थांबायचं, मग त्याची वही मागायची, मग स्वतःचं सुरू करायचं. म्हणजे काम दोघांचं आणि वेळ जवळपास एकाचाच. आपल्या ऑफिसात 'आधी त्याच्याकडून फाइल येऊ दे' म्हणत बसलेली माणसं असतात ना, सेम.

२०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने तर वाटणीची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांच्याच गळ्यात टाकली. त्यांनी हिशेब केला असणार, दोन कार्डं आहेत किती जणांकडे? मोजक्यांनी मनावर घेतलं, बाकीच्यांनी सोडून दिलं. २०२० मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल मिळणार नाहीत. त्या पिढीत जोडपट्टीची सोय उरली ती घरगुती कार्डांपैकी ३०९० सारख्या अगदी वरच्या कार्डांना, आणि २०२२च्या ४०-मालिकेत तीही गेली. आमचा मामेभाऊ जी ३०६० घेणार होता, तिच्यावर तो छोटा पूल लावायला जागाच नाही.

आणि मेमरीचं २४? सगळ्यात मोठा गोड गैरसमज. चित्र काढायचं तर लागणारा सगळा माल प्रत्येक कार्डाला स्वतःजवळ लागतो. दोघांच्या कपाटात तीच पुस्तकं. १२ अधिक १२ बरोबर १२. (अपवाद आहे. घरच्या मशीनवर एआयचं मॉडेल चालवणारे लोक त्याचे थर दोन कार्डांत विभागून ठेवतात, तिथे बेरीज खरोखर २४ होते. म्हणून तर ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या दोन-दोन कार्डांच्या कॅबिनेटांना आता पुन्हा गिऱ्हाईक आहे. पण वरातीच्या व्हिडिओला त्याचा उपयोग नाही.)

तेवढ्याच कोअर म्हणाल तर तेही फसवं. नव्या कार्डाच्या कोअर जास्त वेगाने पळतात, २,४७५ मेगाहर्ट्झपर्यंत. ३०६० ची धाव १,७७७ पर्यंत. विजेचं म्हणाल तर दोन ३०६० मिळून ३४० वॅट, मोठं एकटं २२०. रोज सहा तास धरले तर महिन्याला एकवीस-बावीस युनिटचा फरक. वर मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारा आमचा खान्देश आणि त्या गरमीत एकाच डब्यात एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडणारी दोन कार्डं. शेवटचा खिळा म्हणजे भाऊ ज्या सॉफ्टवेअरवर एडिटिंग करतो, त्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती विंडोजवर एकच कार्ड वापरते. दुसरं हवं असेल तर पैसे भरून स्टुडिओ घ्या.

झालं की! मी रात्री दीड वाजता निकाल टाइप केला. "एक मोठं घे. डोळे मिटून घे." वर एक चष्म्याचा स्मायली. आणि कर्तबगार माणसाची झोप झोपले.

पुढच्या शनिवारी भरीत पार्टी होती म्हणून मी सावद्याला गेले. थंडीत खान्देशात जन्मलेल्या माणसाला भरताचं आमंत्रण आलं की डेडलाइन वगैरे झूट असतं. बामणोदची हिरवी, गुबगुबीत वांगी, शेतातच कपाशीच्या काड्यांवर भाजायची, बडगीत ठेचायची, सोबत कळण्याच्या पुऱ्या. (पुण्यात काळ्या वांग्याला भरीत म्हणतात. मी भांडत नाही, वाईट वाटून घेते.) मशीनचा विषय निघणारच होता, मीच काढला. मला माझी हुशारी दाखवायची होती. मामांना काय कळणार ग्राफिक्स कार्ड, म्हणून मी त्यांना सोपं करून सांगायला घेतलं. एक दमदार की अनेक लहान, हा वाद फार मोठ्या लोकांत झालाय मामा, वगैरे.

आणि तो झालाच आहे. तोही आपल्या पुण्यात. ऐंशीच्या दशकात महासंगणक म्हणजे अमेरिकेचा क्रे. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला त्यातला एक मिळाला, क्रे एक्स-एमपी १४, दिल्लीत बसवलेला, तोही शंभर अटी घालून. त्याहून तगडा मागितला तर नकार. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली. हे आपले अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. एक राक्षसी प्रोसेसर आपल्याला कुणी देत नाही ना, मग बाजारात मिळणारे लहान लहान शेकड्याने जोडू, असा फंडा. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. आत इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर, एकेकटा किरकोळ, मिळून भारी. हवामानाचं काम अशा वाटणीला मानवतं, कारण नकाशाचे चौकोन पाडता येतात. हा तुकडा तू मोज, तो तुकडा मी, फक्त कडेला काय चाललंय ते शेजाऱ्याला सांगत राहायचं. अवघड भाग यंत्रं जोडण्याचा नव्हताच, काम वाटणाऱ्या प्रोग्रामचा होता. आज तर जगातले सगळेच महासंगणक असे जोडलेले असतात. २०२४ मध्ये पुण्याच्या आयआयटीएममध्ये आलेला 'अर्क'सुद्धा. मामा मे महिन्यात वादळ येणार का म्हणून मोबाइलवर अंदाज बघतात, ती सगळी मोजणी अशाच यंत्रांची.

"आणि तो क्रेवाला सेमूर क्रे होता ना मामा," मी म्हटलं, "त्याच्या नावावर एक टोमणा सांगतात. शेत नांगरायला काय घ्याल, दोन दमदार बैल की १०२४ कोंबड्या?"

मामांनी वांग्याचं साल सोलता सोलता विचार केला. "कोंबड्या अंडे तरी देतील," म्हणाले.

मग म्हणाले, "मले येक सांग बेटा. येकाच विहिरीत दोन मोटरी सोडल्या त पानी दुप्पट येतं का?"

मी गप्प. कारण रात्री दीडपर्यंत जागून, इतके आकडे मांडून मला जे सांगायचं होतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. विहिरीला जेवढा झरा तेवढंच पाणी. मोटरी चार लावा. उलट दोघी मिळून विहीर लवकर कोरडी करतात आणि मग दोघी हवा ओढत बसतात.

"म्हणजे एकच मोठी बरी ना?" मी विजयी चेहऱ्याने भावाकडे बघितलं.

"असं मी कुठे म्हटलं?" मामा म्हणाले.

आणि मग त्यांनी त्यांच्या ट्यूबवेलचा इतिहास सांगितला. रावेर-यावलकडे पाणी किती खोल गेलंय ते तिथल्या माणसालाच विचारा. आधी त्यांची एकच ट्यूबवेल होती, पंधराची मोटर. एका उन्हाळ्यात, बाग निसवणीला आलेली, व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटर जळाली. पाइप वर काढा, मोटर काढा, रिवाइंडिंगला टाका, परत सोडा. तोवर केळी उन्हात उभी. किती घड गेले ते मामा अजूनही सांगत नाहीत, मामी बोटं दाखवते. त्यानंतर त्यांनी शेताच्या दुसऱ्या टोकाला वेगळी ट्यूबवेल केली आणि दोन्हींवर साडेसात-साडेसातच्या मोटरी बसवल्या. एकीकडची जळाली तर दुसरीवर बाग जगते. दोन मोटरी, पण दोन विहिरी.

तेव्हा माझी मामेबहीण पहिल्यांदा बोलली. ती तोवर बडगीत भरीत ठेचत होती. मुसळ बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, मशीन कोणत्या कामाला पाहिजे ते तू दादाला विचारलंस. किती जण बसणार ते विचारलंस का?"

नाही विचारलं.

मंडळी, हे लिहिताना मला अजून अवघडल्यासारखं होतं. मला माहीत होतं की तिने जळगावला इंटिरियरचा डिप्लोमा केलाय. ती पुण्या-नाशिकच्या आर्किटेक्ट लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून देते हेही माहीत होतं, मी तिच्या स्टेटसला बदाम टाकते! पण ती ती कधी करते हे मला माहीत नव्हतं. रात्री अकरा ते पहाटे पाच. दिवसभर मशीन दादाचं. सकाळी दहाला पुण्याहून फोन येतो, सोफा ग्रे करून बघू. साधा बदल, तासाभराचं काम. पण मशीन रात्री मिळणार, म्हणजे चित्र उद्या. ऑक्टोबरमध्ये एका आर्किटेक्टने दोनदा उद्या ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा काम दुसऱ्याला दिलं. सगळ्या बंगल्याचं काम होतं. तिने घरात सांगितलंही नव्हतं, कारण सांगून काय होणार?

आणि मी रात्री दीड वाजता कोअर मोजत होते.

म्हणजे बघा, कार्डाबद्दल माझा निकाल बरोबरच होता. एका कॅबिनेटमध्ये दोन लहान घालण्यापेक्षा एक मोठं शंभर टक्के चांगलं. पण प्रश्न एका कॅबिनेटचा नव्हताच. एकाच कार्डाने दोघांचं काम दुप्पट वेगाने केलं तरी खुर्ची एकच राहते. जीन अॅमडालने १९६७ मध्येच मांडून ठेवलंय: कामातला जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी तुमचा वेग ठरवतो. कामाचा दहावा हिस्सा जरी एकट्यानेच करावा लागत असेल, तर दोघं लावून वेग दुप्पट होत नाही, १.८ पट होतो. हजार लावा, दहापट ओलांडणार नाही. इथे वाटता न येणारी गोष्ट होती खुर्ची.

शिवाय दोघांचं काम एकमेकांवर अवलंबूनच नाही. त्याची वरात संपेपर्यंत हिच्या सोफ्याने थांबायचं कारण काय?

मामा नेहमीच्या वाटेने गेले. "पुढच्या वर्षी हिचं लग्न करू. मग दोन मशीनचं मी काय करू? केळीले पानी देऊ?"

"मशीन सोबत नेईन ना," ती म्हणाली. "तुम्ही मिक्सर, फ्रिज देणारच आहात. त्यात हे एक. आणि मिक्सर नाही दिला तरी चालेल."

मामी हसली. मामा हसले नाहीत, पण त्यांनी जेवण झाल्यावर भावाला कागद-पेन आणायला सांगितलं. आमच्याकडे कागद-पेन आलं की समजायचं, पैसे निघणार.

सरळ दोन नवी मशीन घेणं परवडणारं नव्हतं. दुसरा प्रोसेसर, दुसरा बोर्ड, रॅम, सगळंच दुसरं. पण घरात २०१९चं जुनं मशीन होतं ना! त्याचा प्रोसेसर ठीक होता, कार्ड मात्र आपल्या आयुष्यातलं सगळं करून बसलेलं. तेव्हा ठरलं असं: एक नवं मशीन, त्यात एक ३०६०. जुन्यात नवा पॉवर सप्लाय, ३०६० ला एकूण ५५० वॅटचा पुरतो, रॅम वाढवून ३२ जीबी आणि दुसरी ३०६०. ४०७० सुपरला टाटा.

कोणतं कुणाला? मी पुन्हा माझं ज्ञान काढलं. एडिटिंगमध्ये मुख्य प्रोसेसरलाही घाम फुटतो, तर नवं त्याला. ब्लेंडरमधलं रेंडरिंग कार्डावरच चालतं, बाकीचं मशीन जुनं असलं तरी फार फरक पडत नाही, तर जुनं हिला. तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य.

"हो, बरोबर आहे," ती म्हणाली. "पण ताई, हे लॉजिक दरवेळी जुनं मलाच का देतं गं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. जुनंच तिच्याकडे गेलं. मात्र घरातला एकमेव कूलर ज्या खोलीत आहे त्या खोलीत ते राहील, असं तिने त्याच कागदावर लिहून घेतलं आणि खाली मामांची सही.

भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या मित्राने ४०७० सुपर घेतलं होतं आणि तो रोज त्याचे फोटो पाठवायचा. फोर-केमध्ये तीन-चार इफेक्ट चढवले की याचं प्लेबॅक अडखळतं, हे त्याने मला रेकॉर्ड करून पाठवलंय, दोनदा. त्याचं खोटं नाही. वेग त्याने गमावलाच. आधी चित्र छोटं करून एडिट कर, शेवटी मोठ्यावर काढ, असली उत्तरं मी देते, आणि ती ऐकायला त्याला आवडत नाहीत.

बहिणीचं चित्र आता सकाळी साडेअकराला जातं. ग्रे सोफा, मग बेज सोफा, मग पुन्हा ग्रे.

मग आला २०२५चा मे. सावद्याला ऊन म्हणजे काय असतं ते तुम्हाला एसीत बसून कळणार नाही. लग्नांच्या तारखा एकाला एक चिकटलेल्या आणि नेमका नव्या मशीनचा मदरबोर्ड गेला. वॉरंटीत होता, पाठवला. दहा-बारा दिवस लागतील असं उत्तर आलं. कंपनीचं नाव विचारू नका, तो अजून परत यायचाय.

त्या रात्री पावणेबाराला माझा फोन वाजला.

"ताई, अर्जंट आहे. ती मला रात्री अकरा ते पाच मशीन देते म्हणते. तिला सांग ना, दिवसा दोन तास तरी दे."

मी मेसेज तसाच मामांना फॉरवर्ड केला. मामा त्या वेळी जागे कसे होते माहीत नाही, लाइट रात्रीची असेल, पाणी भरायला गेले असतील. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"येक त चालू हाये ना?"